कुंपण आणि शेत

कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण सहज म्हणून जातो. राखणदारच चोर निघाला, विश्वस्तांनीच संस्था बुडवली, की ही म्हण आपोआप ओठांवर येते. पण ज्यांनी निवडुंगाचे किंवा घायपाताचे जिवंत कुंपण पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की शेत खाण्यासाठी कुंपणाने बेइमान होण्याची गरज नसते. ते इमानाने राखण करीत असते आणि तरीही दरवर्षी हात-दोन हात आत सरकत असते. गुरे आत येत नाहीत हे खरे. पण पेरणीची जमीनही कमी होत जाते. म्हणीचा हा दुसरा अर्थ मला शेतात नव्हे, तर उंदरांवरील एका शोधनिबंधात सापडला. त्या निबंधाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने आमच्या घरात झालेल्या एका बोलण्याविषयी, आज लिहीत आहे.

निवृत्तीपूर्वी एकतीस वर्षे मी एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. माझी भाची त्याच विषयात पुढे गेली आणि सध्या अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत संशोधन करते. क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा संसर्ग आणि त्याला शरीराने दिलेला प्रतिसाद, हा तिचा अभ्यासविषय. कौटुंबिक मासिकाच्या पानावर हा विषय थोडा संकोचाचा वाटेल, कारण या जिवाणूचा एक प्रकार शरीरसंबंधांतून पसरतो. तथापि ज्या दुखण्याविषयी घरात बोलले जात नाही, त्याची किंमत बहुधा घरातील स्त्रीच मोजते. म्हणून संकोच बाजूला ठेवलेला बरा.

प्रथम या जिवाणूची ओळख करून घेऊ. मराठीला तो अगदी अनोळखी नाही. जुन्या पिढीतील लोक 'डोळ्यांत खुपऱ्या झाल्या' असे म्हणत, तो खुपरीचा आजार याच क्लॅमिडियामुळे होतो. माझ्या आजीच्या पापणीचे केस आत वळलेले होते. ते बुबुळावर घासत, डोळ्यांतून सतत पाणी वाहे, आणि दर काही दिवसांनी ती उन्हात बसून लहानशा चिमट्याने ते केस उपटवून घेई. लहानपणी मला वाटे की जंतू अजून तिच्या डोळ्यांत आहेत. वस्तुतः संसर्ग केव्हाच मावळलेला असतो. वारंवारच्या दाहामुळे पापणीच्या आतल्या बाजूस वण पडतात, वण आकसतात, पापणी आत ओढली जाते आणि केस डोळ्याला टोचू लागतात. दृष्टी जाते ती या घासण्याने. म्हणजे जंतू निघून गेल्यावर, त्याच्याशी झालेल्या झगड्याची खूण माणसाला आंधळे करते.

या आजाराचा शोधही मोठा विलक्षण आहे. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि फोन प्रोवाझेक या दोन शास्त्रज्ञांनी खुपरीच्या रुग्णांच्या डोळ्यांतील स्राव ओरांगउटान वानरांच्या डोळ्यांत घातला, आणि नंतर खरवडून घेतलेल्या पेशींत त्यांना सूक्ष्म कणांचे पुंजके दिसले. पेशीच्या केंद्रकाभोवती ते पांघरुणासारखे पसरलेले होते, म्हणून अंगरख्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांना नाव मिळाले. या जंतूची ओळखच माणसाला एका मुक्या प्राण्याच्या डोळ्यांतून झाली, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवून ठेवते; पुढे तिचा संबंध येणार आहे. पन्नास वर्षांनी, १९५७ साली, चीनमधील तांग फेइफान यांनी हा जंतू कोंबडीच्या अंड्यात वाढवून दाखवला. हाच खुपरीचा जंतू, हे सिद्ध करण्यासाठी १९५८ मध्ये त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. इतरांच्या डोळ्यांवर प्रयोग करण्याच्या त्या परंपरेत हा एक माणूस स्वतःचा डोळा पुढे करणारा निघाला.

क्लॅमिडिया हा जिवाणू असला तरी त्याची वागणूक परोपजीवी पाहुण्यासारखी आहे. पेशीच्या बाहेर तो वाढू शकत नाही. बाहेर असताना तो एका मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतक्या कणाच्या रूपात, जवळजवळ सुप्त, असतो. पेशीत शिरला की एका लहानशा कप्प्यात राहून तो फुगतो, दुभंगतो, आणि साधारण दोन-तीन दिवसांत शेकडो नवे कण तयार करून पेशी सोडतो. डोळ्यांत जसा, तसाच तो स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या पेशींतही राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील सुमारे १२ कोटी ९० लाख व्यक्तींना याचा नव्याने संसर्ग झाला. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना कसलेच लक्षण जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही. काही स्त्रियांत मात्र संसर्ग वर सरकतो, गर्भाशयातून गर्भनलिकांपर्यंत पोहोचतो, आणि काही वर्षांनी, मूल का होत नाही म्हणून तपासणी केली असता, नलिका बंद झालेल्या आढळतात. कधी अर्धवट बंद झालेल्या नलिकेतच गर्भ अडकतो आणि स्त्रीच्या जिवावर बेतते.

प्रश्न असा, की ती नलिका बंद कोणी केली? जंतूने, की त्याच्याशी लढणाऱ्या शरीराने?

हा प्रश्न स्त्रीच्या शरीरात सोडवता येत नाही. संसर्ग कधी झाला, किती वेळा झाला, नलिकेत कोणत्या दिवशी काय घडले, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले. उंदरांचा स्वतःचा असा एक क्लॅमिडिया आहे. १९४२ मध्ये क्लारा निग या संशोधिकेला तो प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांच्या फुप्फुसांत सापडला. आज त्याला क्लॅमिडिया म्युरिडॅरम म्हणतात. १९८१ मध्ये असे दाखवले गेले, की हा जंतू मादी उंदराच्या जननमार्गात सोडला तर होणारा आजार स्त्रियांतील आजाराशी बराच मिळताजुळता असतो. सुमारे चार आठवड्यांत उंदरीण जंतूपासून मुक्त होते. पण तिच्या बीजवाहिन्या फुगतात, त्यांत पाणी साचते, वण पडतात, आणि तिला पिल्ले होणे कठीण होते.

आता कुंपणाकडे येऊ. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर आणि आतही काही प्रथिने पहारा देत असतात. त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. त्यांतील एका घराण्याचे नाव टोल. त्याचा इतिहास एका फळमाशीपासून सुरू होतो. माशीच्या गर्भात पाठ कोणती आणि पोट कोणते हे ठरवणारे एक जनुक जर्मनीत क्रिस्तिआने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत सापडले. ते पाहून त्यांच्या तोंडून 'टोल!' म्हणजे 'काय अफलातून!' असा उद्गार निघाला आणि तेच नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. १९९६ साली फ्रान्समधील ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की हेच जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीला बळी पडतात; म्हणजे गर्भाचा आकार घडवणारे प्रथिन मोठ्या माशीत पहारेकरी होते. पुढील दोन वर्षांत मेद्झितोव्ह व जेनवे यांनी माणसातील टोल दाखवला आणि ब्रूस ब्यूटलर यांनी उंदरांतील टीएलआर-४ हा ग्राही जिवाणूंच्या विषारी आवरणाला ओळखतो हे सिद्ध केले. हॉफमन आणि ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. माणसात असे दहा टोल-सदृश ग्राही आहेत. प्रत्येकाला जंतूंची निरनिराळी खूण ओळखता येते. टीएलआर-२ हा त्यांतील दुसरा. जिवाणूंच्या आवरणातील स्निग्धांश जडलेली प्रथिने तो ओळखतो. जपानमधील ओसाका येथे शिझुओ अकिरा यांच्या गटाने १९९९ मध्ये असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात हा टीएलआर-२ मुळातच नव्हता.

अशा उंदरांवर अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात टोनी डार्व्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. भाचीने मला पाठवला तो हाच निबंध. त्यांनी तीन प्रकारचे उंदीर घेतले: सर्वसाधारण, टीएलआर-२ नसलेले आणि टीएलआर-४ नसलेले. तिन्हींना उंदरांच्या क्लॅमिडियाचा संसर्ग करवला. पहारेकरी काढून घेतल्यावर चोर माजेल, ही कोणाचीही स्वाभाविक अपेक्षा. पण टीएलआर-२ नसलेल्या उंदरांतून जंतू जवळजवळ तितक्याच दिवसांत नाहीसा झाला जितक्या दिवसांत सर्वसाधारण उंदरांतून. फरक पडला तो दुसरीकडे. पहिल्या आठवड्यात त्यांच्या स्रावांत दाह पेटवणारी रसायने लक्षणीय कमी होती. आणि काही आठवड्यांनी बीजवाहिन्या तपासल्या तेव्हा त्यांत फुगणे आणि वण पडणे पुष्कळच कमी आढळले. टीएलआर-४ काढून मात्र असा काही लाभ झाला नाही; त्या उंदरांच्या बीजवाहिन्या सर्वसाधारण उंदरांप्रमाणेच बिघडल्या.

निबंधातील आकृत्या मी दोनदा पाहिल्या. जंतू घालवण्याचे काम आणि नलिका बिघडवण्याचे काम ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामात या एका ग्राहीचा हात मोठा आहे, असे त्या सांगत होत्या. ज्याच्याशिवाय संसर्ग बरा होऊ शकतो, असा हा पहारेकरी. तरीही तो हाकाटी करतो, माणसे गोळा करतो, आणि त्या गर्दीच्या पायांखाली घराचे अंगण तुडवले जाते.

येथे एक मोह आवरावा लागतो. अशी गोष्ट ऐकली की आपल्या मनात लगेच क्रोधाचे रूपक उभे राहते. राग शत्रूपेक्षा रागावणाऱ्यालाच जाळतो, हे आपण व्याख्यानांतून ऐकत आलो आहोत. विज्ञानानेही तेच सिद्ध केले, असे म्हणून टाळ्या मिळवता येतील. पण रेणूला राग नसतो आणि क्षमाही नसते. शिवाय पुढची हकिकत त्या रूपकाला जुमानत नाही. टीएलआर-२ आपला निरोप पेशीच्या आत पोहोचवतो तो मायडी-८८ नावाच्या एका दुव्यामार्फत; इतर अनेक ग्राहींचाही तोच निरोप्या आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा दुवाच नसलेल्या उंदरांना क्लॅमिडियाचा संसर्ग करवला, तेव्हा त्यांचा जंतू लवकर गेला नाही आणि बीजवाहिन्यांची हानीही वाढली. एक पहारेकरी कमी केला तर घर वाचले. सगळ्यांचीच तोंडे बंद केली तर घर अधिक बिघडले. म्हणजे दाह वाईट असा सरसकट निष्कर्ष निघत नाही. तो कोठे, किती आणि कोणाच्या सांगण्यावरून होतो, यावर सारे अवलंबून आहे.

करोनाच्या काळापासून आपल्याकडे 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र घरोघर पोहोचला. काढे आले, चूर्णे आली, गोळ्या आल्या. त्या विकणाऱ्यांच्या बोलण्यात प्रतिकारशक्ती म्हणजे बँकेतील ठेव. जितकी अधिक तितकी चांगली. या उंदरांची कथा त्या समजुतीला उत्तर देते. संधिवात, दमा, खुपरीने गेलेली दृष्टी आणि बंद झालेली गर्भनलिका, या सर्वांत शरीराचा स्वतःचा प्रतिसाद हाच दुखण्याचा भाग असतो. प्रतिकारशक्तीला प्रमाण हवे. नुसती वाढ नव्हे.

या प्रमाणाचा विचार लस शोधणाऱ्यांनाही करावा लागतो. १९६० च्या दशकात खुपरीवर लस काढण्याचे बरेच प्रयत्न झाले. तैवानमध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की लस दिलेल्या काही माकडांना नंतर संसर्ग झाल्यावर डोळ्यांचा दाह उलट अधिक तीव्र झाला. तेव्हापासून या क्षेत्रातील प्रत्येकजण जपून पाऊल टाकतो. २००७ मध्ये ओ'कॉनेल, डार्व्हिल आणि सहकाऱ्यांनी क्लॅमिडियाचा असा एक वाण अभ्यासला ज्याच्यात त्याचे लहानसे वर्तुळाकार जादा जनुकद्रव्य, म्हणजे प्लाझ्मिड, नव्हते. हा वाण टीएलआर-२ ला जागा करीत नव्हता. त्याने उंदरांना संसर्ग केला, पण बीजवाहिन्या बिघडवल्या नाहीत. आणि पुढे मूळ जंतूची गाठ पडली तेव्हा त्या उंदरांच्या बीजवाहिन्या सुरक्षित राहिल्या. शरीराने धडा घेतला आणि घर मात्र मोडले नाही. माणसांसाठी अशी लस अजून बाजारात नाही. २०१९ मध्ये एका वेगळ्या लसीची पहिली मानवी चाचणी प्रसिद्ध झाली. ती ३५ स्त्रियांवर केलेली होती आणि लस सुरक्षित असल्याचे तीत दिसले. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते.

हे सर्व मी वाचत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या आक्का येत होत्या. आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. कृष्णाकाठच्या एका मोठ्या घरात त्यांना दिले होते. आठ वर्षे मूल झाले नाही. नवस झाले, उपवास झाले, झाडपाला झाला. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात नेले, क्ष-किरणाची तपासणी झाली, आणि 'नळ्या बंद आहेत' एवढे एकच वाक्य घेऊन त्या परत आल्या. त्या वाक्याने त्यांचे पुढचे आयुष्य ठरवले. बारशाला त्यांना बोलावणे येत नसे. आले तरी ओटी भरण्याच्या वेळी त्या आपण होऊन स्वयंपाकघरात जात. दोन वर्षांनी त्या माहेरी परतल्या त्या कायमच्या. आम्हा भावंडांना न्हाऊ-माखू घालण्यात, आमचे लाडू-चिवड्याचे डबे भरण्यात त्यांचा जन्म गेला.

त्यांच्या नळ्या कशाने बंद झाल्या हे कोणी शोधले नाही. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हे त्याचे एक मोठे कारण आहे. क्लॅमिडिया हे दुसरे. इतरही कारणे असू शकतात. आक्कांच्या बाबतीत कोणते होते याचा तर्क आज मी करणार नाही. मला बोलायचे आहे ते वेगळेच. त्या घरात कोणी विचारले नाही की संसर्ग असेल तर तो आला कोठून. पतीची तपासणी करावी असे कोणाच्या मनातही आले नाही. 'नळ्या बंद' हे वाक्य जणू त्यांच्या स्वभावाचे, त्यांच्या नशिबाचे वर्णन होते. वास्तविक संसर्ग दोन माणसांत असतो, आणि तो बहुधा कोणालाही न कळता एकाकडून दुसऱ्याकडे जातो. स्त्रीच्या शरीराने त्याचा प्रामाणिकपणे प्रतिकार केला असेल, तर त्या प्रतिकाराचा वण हा तिचा दोष कसा?

गेल्या दिवाळीत भाची घरी आली होती. माझी आई, म्हणजे तिची आजी, शहाऐंशी वर्षांची आहे. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि ओट्यावर मुंग्या आल्या तर पिठाची चिमूट बाहेर टाकून त्यांना वाट दाखवते. नातीने मोठ्या उत्साहाने आपले काम समजावून सांगितले. आईने सारे नीट ऐकून घेतले. आक्कांचा उल्लेख निघाला तेव्हा म्हणाली, "वन्संना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं गं." मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, "आणि त्या उंदरांचं शेवटी काय करता?"

नातीने उत्तर टाळले नाही. नळीतले वण पाहायचे तर नळी बाहेर काढावी लागते, तिचे पातळ काप करावे लागतात. त्याआधी उंदराला गुंगी देऊन मारावे लागते. हे तिने सांगितले.

आई म्हणाली, "म्हणजे ही संकल्पी हिंसा झाली, बाळ."

श्रावकाच्या आचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात, ते वाचकांना ठाऊक आहेतच. चूल पेटवताना, घर झाडताना होणारी आरंभी. शेती-व्यापारात होणारी उद्योगी. आक्रमणाला तोंड देताना होणारी विरोधी. आणि ठरवून, हेतुपूर्वक केलेली संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत, चौथी त्याने टाळलीच पाहिजे. उंदीर प्रयोगात मारला जातो तेव्हा तो अपघाताने पायाखाली येत नाही. त्याची तारीख वहीत लिहिलेली असते. आईचे वर्गीकरण अचूक होते.

भाची म्हणाली, "हो आजी, आहे. मी ती दुसऱ्या कुठल्या नावानं सांगणार नाही." आणि मग तिने आपल्या कामाची शिस्त सांगितली. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयी तीन तत्त्वे मांडली: जेथे पर्याय असेल तेथे प्राणी वापरू नये, वापरायचा तर कमीत कमी संख्येत, आणि त्याला होणारा त्रास कमीत कमी राहील अशा रीतीने. प्रत्येक प्रयोगाआधी समितीपुढे हे पटवून द्यावे लागते. आपल्या देशातही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ पासून बंद आहे. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस कायद्यात बदल होऊन, नवे औषध माणसांवर तपासण्याआधी ते प्राण्यांवर तपासलेच पाहिजे, ही सक्ती काढून टाकण्यात आली. नलिकेच्या पेशींचे लहान गोळे आता काचेच्या थाळीत वाढवता येतात, त्यांना संसर्ग करवता येतो. पण त्या गोळ्यांत रक्तातून धावून येणाऱ्या पेशी नसतात, आणि कुंपण शेतात सरकते ते त्यांच्याच पायांनी. म्हणून अजून काही प्रश्नांना उंदीर लागतो, असे तिचे म्हणणे.

रशियात नोव्होसिबिर्स्क येथील एका संशोधनसंस्थेच्या आवारात २०१३ मध्ये प्रयोगशाळेतील उंदराचे स्मारक उभारले गेले. चष्मा लावलेली एक उंदरीण सुयांवर डीएनएचा गोफ विणीत बसली आहे, असा तो पुतळा आहे. जपानमधील अनेक संशोधनसंस्थांत प्रयोगात मेलेल्या प्राण्यांसाठी दरवर्षी स्मरणविधी होतो. संशोधक फुले वाहतात आणि हात जोडून उभे राहतात. ही चित्रे नातीने आजीला दाखवली. आईने पुतळा निरखून पाहिला आणि म्हणाली, "आठवण ठेवतात हे चांगलं. पण आठवण ठेवली म्हणजे हिंसा झाली नाही असं नाही." त्यावर कोणी काही बोलले नाही. तिच्या उशाशी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. ते औषधही कोणत्या तरी प्राण्याच्या अंगावरून आपल्यापर्यंत आले आहे, हे तिला नातीनेच पूर्वी सांगितले होते. गोळी ती रोज घेते. घेताना पाण्याचा पेला हातात धरून क्षणभर डोळे मिटते. ते कशासाठी, हे मी कधी विचारले नाही.

या प्रश्नाचा निकाल माझ्याजवळ नाही आणि तो एका लेखात लागेल असेही नाही. एक गोष्ट मात्र मला स्पष्ट दिसते. ज्या ज्ञानासाठी जीव गेले आहेत, ते ज्ञान कपाटात पडून राहणे ही त्या हिंसेत पडलेली भर आहे. उंदरांच्या बीजवाहिन्यांतून जे कळले, ते आपल्या लेकी-सुनांपर्यंत पोहोचले नाही, तर ते कोणासाठी कळले?

तर जे कळले ते थोडक्यात असे. क्लॅमिडियाचा संसर्ग लक्षणांविना असू शकतो. लघवीच्या किंवा स्रावाच्या नमुन्यातून जनुकद्रव्य शोधणाऱ्या चाचणीने तो ओळखता येतो. अमेरिकेत पंचवीस वर्षांखालील, शरीरसंबंध असलेल्या स्त्रियांना दरवर्षी ही चाचणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याकडे सरकारी व्यवस्थेचा भर लक्षणे पाहून उपचार करण्यावर आहे, त्यामुळे लक्षणे नसलेल्या स्त्रिया निसटतात. संसर्ग सापडला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साध्या प्रतिजैविकांच्या सात दिवसांच्या उपचाराने तो जातो. मात्र उपचार पती-पत्नी दोघांनीही घ्यावा लागतो, नाहीतर तो परत येतो, आणि दर वेळी दाहाची नवी फेरी सुरू होते. जंतू औषधाने जातो. पडलेला वण जात नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. ओटीपोटात वारंवार दुखणे, अंगावरून जाणे, मूल न होणे, यांपैकी काही असेल तर लाजेने दिवस घालवू नयेत.

खुपरीच्या बाबतीत आपण हे करून दाखवले आहे. भारतात १९६३ साली खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रतिजैविके, पापणीची शस्त्रक्रिया, चेहऱ्याची स्वच्छता, गावांत पाणी आणि शौचालये, असे काम दशकानुदशके चालले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपरीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. माझ्या आजीचा तो चिमटा आता कोणा नातीला वापरावा लागू नये. डोळ्यांच्या आजाराविषयी बोलायला लाज नव्हती, म्हणून ते जमले. त्याच जंतूच्या दुसऱ्या रूपाविषयी बोलायला लाज आहे, म्हणून ते अजून व्हायचे आहे.

दिवाळीनंतर आमच्या नात्यातील एका घरी आम्ही गेलो होतो. त्यांच्या मुलाच्या लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. चहा झाल्यावर सुनेच्या माघारी कुजबुज सुरू झाली; कोणी एका वैद्याचे नाव सुचवले, कोणी नवस सुचवला. आई आजवर अशा बैठकीत गप्प बसत आली आहे. त्या दिवशी मात्र तिने काठी जमिनीवर टेकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आधी दोघांनी मिळून दवाखान्यात जायचं. दोघांनी. त्याआधी त्या पोरीबद्दल या घरात कुणी बोलायचं नाही."